निळ्या रंगाची किंमत

अजिंठ्याच्या नवव्या आणि दहाव्या लेण्यांतली सर्वांत जुनी चित्रं सातवाहनांच्या काळातली, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. बरीचशी झिजली आहेत, काहींवर गेल्या दोन शतकांतल्या पाहुण्यांनी आपली नावं कोरली आहेत. तरी जे उरलं आहे त्यात गेरूचा तांबडा ओळखू येतो. पिवळी माती, हिरवी माती, काजळाचा काळा, चुन्याचा पांढरा, हेही ओळखू येतात. निळा मात्र सापडत नाही. पुढे सुमारे पाचशे वर्षांनी, वाकाटक राजा हरिषेणाच्या राजवटीत, याच दरीत पुन्हा छिन्न्या चालू लागल्या. पहिलं, दुसरं, सोळावं, सतरावं ही लेणी रंगली आणि त्यांच्या छतांवर, फुलांच्या पाकळ्यांत, वस्त्रांच्या पट्ट्यांत निळा झळकू लागला. वाघूर नदीचं वळण तेच होतं, भिंतीवरचा माती-भुशाचा गिलावाही जवळपास तसाच होता. मग हा रंग आला कुठून?

अजिंठ्याचे बाकीचे रंग आसपासच्या डोंगरांनीच दिले. हिरवा तर थेट दख्खनच्या काळ्या पाषाणातून येतो. लाव्हा थिजताना त्यात ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांच्यात सेलॅडोनाइट नावाचं हिरवं खनिज साठतं. ते खरवडायचं, वाटायचं आणि डिंकात कालवायचं. निळा देणारा दगड मात्र इथे मिळत नाही. त्याचं नाव लाजवर्द आणि त्याची खाण आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानमध्ये, कोकचा नदीच्या खोऱ्यात, सर-ए-संग नावाच्या ठिकाणी. अजिंठ्यापासून सरळ रेषेत मोजलं तरी अंतर सुमारे १,८०० किलोमीटर भरतं, आणि डोंगरातली वाट सरळ रेषेत जात नाही. वाकाटकांच्या काळात व्यापाऱ्यांचे तांडे, बौद्ध भिक्खूंच्या वाटा आणि देणगीदारांच्या थैल्या एकमेकांना मिळाल्या, म्हणून तो दगड सह्याद्रीच्या या फाट्यापर्यंत पोहोचला. पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोप्या घातलेले परदेशी लोक मद्यपान करताना रंगवले आहेत. त्या काळी इथे कुठकुठून माणसं येत होती, याची ती नोंदच आहे.

निळ्या रंगाच्या इतिहासात हे पुनःपुन्हा घडलं आहे. चित्रात निळा किती आहे आणि कोणता आहे, हे चित्रकाराच्या आवडीइतकंच त्या काळच्या रस्त्यांनी, खाणींनी, करारांनी आणि पुढे पुढे कारखान्यांनी ठरवलं.

सर-ए-संगच्या खाणी सहा हजार वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या राजघराण्याच्या थडग्यांत इथला लाजवर्द सापडला. तूतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्याच्या भुवयाही त्याच दगडाच्या. सिंधू संस्कृतीच्या लोकांनी तर अमू दर्याकाठी शोर्तुगई इथे वसाहतच थाटली होती, ती या खाणींच्या जवळ. १८३८ मध्ये जॉन वुड हा ब्रिटिश नौदल अधिकारी खाणीपर्यंत पोहोचला, तेव्हाही काम प्राचीन पद्धतीनेच चालू होतं. कड्याखाली काटक्यांचा जाळ करायचा, खडक तापला की त्यावर गार पाणी मारायचं, तडा गेला की घणाने फोडायचा. बाजारात पोहोचलेल्या प्रत्येक निळ्या खड्यामागे हा धूर आणि हे घाव होते.

दगड हाती आला म्हणजे रंग हाती आला, असंही नाही. लाजवर्द खलबत्त्यात नुसता कुटला तर करड्या रंगाची पूड मिळते, कारण निळ्या लाझुराइटबरोबर त्यात पांढरं कॅल्साइट आणि सोनेरी पायराइट मिसळलेलं असतं. निळा वेगळा काढण्याची कृती इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी याने १४००च्या सुमारास आपल्या हस्तपुस्तिकेत लिहून ठेवली. पाइन वृक्षाची राळ, मस्तकी डिंक आणि मेण वितळवून त्यात ती पूड मिसळायची. तो गोळा किमान तीन दिवस आणि तीन रात्री मुरू द्यायचा आणि कणीक तिंबावी तसा रोज तिंबायचा. मग राखेच्या क्षाराच्या कोमट पाण्यात दोन काठ्यांनी दाबत राहायचं. राळ आणि मेण अशुद्ध कण धरून ठेवतात, निळे कण हळूहळू पाण्यात सुटून तळाशी बसतात. पहिल्या पाण्यातला निळा सर्वांत गडद आणि सर्वांत महाग, पुढच्या पाण्यांत तो फिका होत जातो, आणि शेवटी उरतो तो राखाडी निळा. तोही फेकला जात नसे. त्यालाही गिऱ्हाईक होतं.

समुद्रापलीकडून आलेला म्हणून युरोपात त्याचं नाव पडलं अल्ट्रामरीन. तो मुख्यतः व्हेनिसच्या बंदरात उतरायचा आणि तिथून पुढे जाईपर्यंत त्याची किंमत अशी काही चढायची, की चित्राच्या करारात त्याचा वेगळा उल्लेख करावा लागे. फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी दोमेनिको गिर्लांदायो याने मागी राजे बाळ येशूची पूजा करतात ते चित्र काढण्याचा १४८५चा करार उपलब्ध आहे. निळा अल्ट्रामरीनच असावा आणि तो औंसाला सुमारे चार फ्लोरिन किमतीचा असावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे गिऱ्हाइकाने रंगाचं नाव सांगून भागवलं नाही, त्याचा दर्जाही पैशांत बांधून घेतला. मदर मेरीचा झगा निळा का, याचं धार्मिक उत्तर आहेच. त्याबरोबर हेही खरं, की देणगीदाराने आपली भक्ती किती खर्चाची आहे हे भर चर्चमध्ये सर्वांना दिसेल असं त्या झग्यातून सांगितलं. स्वस्तात भागवायचं तर ॲझुराइट हे तांब्याचं निळं खनिज होतं. अनेक चित्रकार खाली ॲझुराइटचा थर देत आणि वर अल्ट्रामरीनचा पातळ हात फिरवत.

या महाग रंगाची एक कहाणी अलीकडे एका दातावर सापडली. जर्मनीतल्या डालहाइम इथे मध्ययुगात स्त्रियांचा एक छोटा मठ होता. तिथल्या दफनभूमीत पंचेचाळीस ते साठ वर्षं वयाच्या एका स्त्रीचा सांगाडा मिळाला. तिचा मृत्यू इ. स. ९९७ ते ११६२ या काळातला. संशोधक तिच्या दातांवरचं कीटण तपासत होते ते त्या काळचा आहार कळावा म्हणून. कीटणाचा नमुना विरघळू लागला तसे सूक्ष्मदर्शकाखाली निळे कण दिसले, एक-दोन नव्हे, शंभराहून अधिक. रासायनिक तपासणीत ते लाजवर्दाचे निघाले. जानेवारी २०१९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

ते कण तोंडात कसे गेले असतील? संशोधकांना सर्वांत संभाव्य वाटलेलं कारण साधं आहे: ही स्त्री हस्तलिखितं रंगवत असावी आणि कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरत असावी. पूड तयार करताना उडालेली धूळही तोंडात जाऊ शकते. काहीही असलं तरी बदख्शानचा दगड तिच्या हाताखाली होता आणि तोही वर्षानुवर्षं, कारण कण दातांवर वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी अडकलेले दिसतात. आणि एवढा मोलाचा रंग कोणी नवशिक्याच्या हाती देत नाही. मठ चौदाव्या शतकात जळाला, त्याची पुस्तकं उरली नाहीत. मध्ययुगातली हस्तलिखितं म्हणजे पुरुष भिक्षूंचं काम, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, कारण स्त्रिया आपल्या कामावर सही क्वचितच करत. या स्त्रीचं नाव आज कोणालाही ठाऊक नाही. तिच्या हुन्नराचा पुरावा मात्र तिच्या दातांनी हजार वर्षं जपला, आणि कलेच्या इतिहासातली एक मोठी रिकामी जागा भरून निघायला सुरुवात झाली.

सतराव्या शतकातल्या डेल्फ्टमध्ये योहान्नेस व्हर्मीर हा रंग हात आखडता न घेता वापरत होता. दूध ओतणाऱ्या मोलकरणीचा ॲप्रन, मोत्याचं कर्णभूषण घातलेल्या मुलीचं शिरोवस्त्र, ही तर अल्ट्रामरीनने उजळलेली आहेतच. पण जिथे निळा दिसायचाही नाही अशा सावल्यांत आणि खालच्या थरांतही त्याने तो घातला. १६७५ मध्ये तो गेला तेव्हा घर कर्जात होतं. पावाचे ६१७ गिल्डर थकले होते, आणि त्यापोटी त्याच्या पत्नीने बेकरीवाल्याला दोन चित्रं दिली.

यानंतर तीसेक वर्षांत निळ्याचा बाजार बदलला, तोही एका चुकीमुळे. १७०६च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग बनवणारा कारागीर कोचिनील किड्यांपासून लाल रंग करत होता. त्यासाठी लागणारा क्षार त्याने डिप्पेल या रसायनशास्त्रज्ञाकडून आणला. तो जनावरांच्या अवशेषांच्या तेलाने दूषित झालेला होता. भांड्यात लालऐवजी गर्द निळा तयार झाला. पुढे त्याला प्रशियन ब्लू म्हणू लागले. काही वर्षं कृती गुप्त राहिली, १७२४ मध्ये ती लंडनमध्ये छापून आली आणि मग युरोपभर हा रंग बनू लागला. अल्ट्रामरीनच्या साधारण दहाव्या हिश्श्यात तो मिळे. प्राचीन इजिप्शियनांनी वाळू, चुना आणि तांबं भट्टीत तापवून बनवलेला निळा रोमन काळानंतर विस्मरणात गेला होता. आता माणसाने पुन्हा एक गडद निळा स्वतः घडवला होता, आणि यावेळी तो विसरला गेला नाही.

तो सर्वांत सुंदर फुलला जपानमध्ये. १८२०च्या दशकाच्या अखेरीस प्रशियन ब्लू चीनमार्गे तिथे स्वस्तात येऊ लागला. एदो शहरातले प्रकाशक लाकडी ठशांची चित्रं सामान्य लोकांसाठी काढत. त्यांच्याकडे तोवर निळे होते ते नीळ आणि एका फुलापासून काढलेला उडून जाणारा रंग. नव्या रंगाने गडद ते फिका असा सलग उतार एकाच ठशात साधता येऊ लागला. सत्तरीतल्या होकुसाईने फुजी पर्वताच्या दृश्यांची मालिका याच रंगाच्या जोरावर काढली. त्यातली ती प्रचंड लाट आज जगभर ओळखली जाते. जपानी समुद्राचं प्रतीक ठरलेल्या त्या चित्रात बर्लिनच्या भांड्यातला रंग आहे, यात त्या चित्राला कमीपणा मुळीच नाही. उलट एका थोर म्हाताऱ्या चित्रकाराने नवी वस्तू हातात येताच तिचं सामर्थ्य ओळखलं, हे त्यात दिसतं. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने याच संयुगावर आधारलेली छायाचित्रण पद्धत शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने तिच्या साहाय्याने शैवालांचं सचित्र पुस्तक काढायला घेतलं, आणि पुढे वास्तुविशारदांचे निळे नकाशेही त्यातूनच निघाले.

भारतात चित्रकारांच्या हाताशी नीळ होतीच. मुघल आणि राजस्थानी लघुचित्रांत गडद आकाशासाठी ती वापरत, आणि पिवळ्या हरताळात मिसळून हिरवाही बनवत. पण एकोणिसाव्या शतकात नीळ हा शब्द बंगाल-बिहारच्या शेतकऱ्यासाठी दहशतीचा झाला. युरोपच्या कापडगिरण्यांना नीळ हवी होती, आणि निळवाले साहेब आगाऊ रक्कम गळ्यात बांधून भाताच्या जमिनीत ती पेरायला लावत. १८५९ मध्ये बंगालचे शेतकरी उठले. दीनबंधू मित्रांनी लिहिलेलं ‘नीलदर्पण’ हे नाटक १८६० मध्ये आलं. त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिन्याचा तुरुंगवास आणि हजार रुपये दंड झाला. चंपारणमध्ये वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ पेरण्याची सक्ती होती. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि मळ्यांचा धंदा बसू लागला. तो तोटा मळेवाल्यांनी वाढीव खंडाच्या रूपाने कुळांच्या माथी मारला. १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले ते याच गाऱ्हाण्यामुळे. एक रंग स्वस्त झाला, तेव्हा त्याचा पहिला फटका तो पिकवणाऱ्यालाच बसला, हे या इतिहासातून वगळून चालणार नाही.

अल्ट्रामरीनचं कोडं सुटलं ते फ्रान्समध्ये. चुन्याच्या भट्ट्यांच्या भिंतींवर कधी कधी निळा थर धरतो, हे लोकांच्या लक्षात आलं होतं. १७८७ मध्ये जर्मन कवी गटेने सिसिलीत पालेर्मोजवळ तो पाहिला होता आणि तिथले कारागीर लाजवर्दाच्या जागी तो सजावटीला वापरतात अशी नोंद केली होती. १८२४ मध्ये फ्रान्सच्या उद्योग प्रोत्साहन संस्थेने कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी ६,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं. अट अशी, की किलोचा भाव ३०० फ्रँकच्या वर जाता कामा नये. १८२८ मध्ये ते झां-बाप्तिस्त गिमे याला मिळालं. जवळपास त्याच वेळी जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या ग्मेलिन या रसायनशास्त्रज्ञानेही स्वतंत्रपणे कृती शोधली होती. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा बंद भट्टीत तापवायचा. निळेपणा येतो तो गंधकाच्या तीन-तीन अणूंच्या जोडण्यांमुळे, बदख्शानच्या दगडातही आणि भट्टीतल्या पुडीतही. चार-दोन श्रीमंतांच्या देव्हाऱ्यातला रंग आता पोत्यांनी विकला जाऊ लागला. गिमेच्या या संपत्तीतून त्याचा मुलगा एमिल आशियाभर फिरला. त्याने जमवलेल्या मूर्ती आणि ग्रंथांतून पॅरिसचं गिमे संग्रहालय उभं राहिलं. भारतीय शिल्पं पाहायला तिथे जाणाऱ्या मराठी माणसाने ही गोष्ट मनात ठेवून जावं.

हाच रंग महाराष्ट्राच्या घराघरांत वेगळ्या वाटेने शिरला. धोतरांना, गणवेशाच्या पांढऱ्या सदऱ्यांना शेवटच्या पाण्यात द्यायची नीळ, रॉबिन ब्लूची ती पूड, म्हणजे कृत्रिम अल्ट्रामरीनच. पिवळट पडलेल्या कापडावर निळ्याची किंचित छटा चढली की डोळ्याला ते शुभ्र वाटतं. दिवाळीआधी चुन्यात नीळ कालवून भिंतींना हात द्यायचा, त्यातही तीच. इथे रसायनशास्त्र कामाला येतं: प्रशियन ब्लू चुन्याच्या क्षारात टिकत नाही, तपकिरी पडतो, अल्ट्रामरीन मात्र टिकतो. उलट आम्लाचं त्याला वावडं आहे. लिंबाच्या रसाने तो फिकटतो आणि सडक्या अंड्यांसारखा वास सोडतो. गावाकडच्या त्या निळसर भिंतींना कलेच्या इतिहासात कोणी जागा दिली नाही. ती द्यायला हवी, कारण शतकानुशतकं राजे आणि धर्मगुरू ज्यासाठी सोनं मोजत होते, तो रंग तिथे पहिल्यांदा सर्वांचा झाला.

रंगांच्या जन्मतारखा ठाऊक असल्यामुळे चित्रांची उलटतपासणीही करता येते. लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात फ्रेंच चित्रकार रेन्वारचं छत्र्यांचं चित्र आहे. त्याच्या उजव्या भागात कोबाल्ट ब्लू आहे, डाव्या भागात कृत्रिम अल्ट्रामरीन, आणि दोन्हीकडची शैलीही निराळी. १८८१च्या सुमारास सुरू केलेलं चित्र चारपाच वर्षांनी त्याने पुन्हा हाती घेतलं, हे त्यावरून कळतं. दुसरा दाखला हान फान मेगेरेन या डच नकलाकाराचा. व्हर्मीरची म्हणून खोटी चित्रं काढताना तो काळजीने नैसर्गिक अल्ट्रामरीन विकत घेई. त्यातलं एक चित्र नाझी नेता ग्योरिंगच्या संग्रहात गेलं. युद्धानंतर तपासणी झाली तेव्हा त्यात एकोणिसाव्या शतकारंभी शोधलेल्या कोबाल्ट ब्लूचे कण निघाले. त्याला विकलेल्या अल्ट्रामरीनमध्येच भेसळ होती.

विसाव्या शतकात निळ्याला महाराष्ट्रात एक नवा अर्थ मिळाला, आणि तो कोणत्याही राजदरबाराने दिलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केलं, त्याचा झेंडा निळा होता. पुढे रिपब्लिकन पक्षाने तो उचलला. आज वस्त्यांतल्या कमानी, गावोगावच्या पुतळ्यांचे कोट, सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे येणाऱ्या जनसागराच्या हातातली निशाणं, या सर्वांतून हा निळा स्वाभिमानाची भाषा बोलतो. आजच्या छपाईतला निळा मुख्यतः थॅलोसायनीनचा. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या रंगांच्या एका कारखान्यात अपघाताने तो हाती लागला आणि १९३५ पासून विक्रीला आला. आता भारत त्याच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे, आणि त्यातला बराच वाटा गुजरातमधल्या कारखान्यांचा. स्वस्त, टिकाऊ, उन्हात न उडणारा. मिरवणुकीच्या रंगाला हेच गुण लागतात.

नव्या निळ्याचा शोध अजून थांबलेला नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात चेन्नईत जन्मलेले मास सुब्रमणियन आणि त्यांचे विद्यार्थी इलेक्ट्रॉनिक्ससाठी पदार्थ शोधत होते. यिट्रियम, इंडियम आणि मँगनीज यांचं मिश्रण सुमारे १,२०० अंशांच्या भट्टीतून लख्ख निळं होऊन बाहेर आलं. तो रंग चित्रकारांना मिळू लागला आहे, पण इंडियम महाग असल्याने तोही महागच.

आणि सर-ए-संगची खाण चालूच आहे. जयपूरचे लघुचित्रकार, जुन्या चित्रांची डागडुजी करणारे, काही हट्टी रंगारी अजूनही तो दगड दळतात. ‘ग्लोबल विटनेस’ या संस्थेने २०१६ मध्ये एक अहवाल काढला. बदख्शानच्या खाणींवर ताबा मिळवण्यासाठी स्थानिक सशस्त्र टोळ्या लढत आहेत आणि लाजवर्दाच्या विक्रीतला पैसा त्यांच्याकडे व तालिबानकडे जात आहे, असं त्यात मांडलं होतं. रंगांच्या दुकानात अल्ट्रामरीनच्या नळीवर ‘पीबी २९’ असा आंतरराष्ट्रीय क्रमांक छापलेला असतो. भट्टीतल्या पुडीला आणि खाणीतल्या दगडाला क्रमांक तोच. दगड असेल तर तो कोणत्या खाणीतला आणि कोणाच्या नाक्यावर पैसे मोजून आला, हे त्या क्रमांकावरून कळत नाही.